उतरायचा कायदा

आमच्या नदीवर आता एक देखणा पूल झाला आहे. फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. मोटारीला बंदी, बैलगाडीला बंदी, शेळ्यामेंढ्यांनी तर तिकडे फिरकायचंही नाही. लोखंडी कमानी, संध्याकाळी रंग बदलणारे दिवे, कठड्याला टांगलेल्या कुंड्या, आणि तोंडाशी नदीच्या नावाची पुरुषभर उंचीची अक्षरं. त्या अक्षरांच्या मध्ये उभं राहून पोरं फोटो काढतात. माझ्या भावाची मुलगी प्रज्ञा परभणीला बँकेत आहे. ती पूल झाल्यापासून माझ्या मागे लागली होती, ‘आत्या, एकदा बघ तरी, आपल्या नदीवर आहे असं वाटतच नाही.’ मी म्हणायचे, मला ती नदी बघून बघून पुरे झालीय. शेवटी एका रविवारी ती मला घेऊनच गेली. पूल चांगला आहे. तो बघून माझं डोकं भणाणलं. गार वारा होता, लोक आनंदात होते, कुणीतरी मक्याची कणसं भाजत होतं, आणि मी मात्र कुणाला तरी दोन शब्द सुनावायला मिळावेत म्हणून आजूबाजूला बघत होते. प्रज्ञाला वाटलं, आत्याचे गुडघे दुखतायत.

गुडघे दुखत नव्हते. या पुलाला लागूनच खालच्या अंगाला जुनी फरशी आहे. आता तिचे तुकडे उरलेत, मधला भाग वाहून गेला, पण टोकं दिसतात. माझी शाळेची वाट त्या फरशीवरून जायची. आम्ही तिला पूल म्हणायचो. खरं म्हणजे पाण्याच्या वर हातभर काढलेला तो एक दगडी रस्ता होता, त्याला कठडे नव्हते, आणि येलदरी धरणातून पाणी सोडलं की तो दिसेनासा व्हायचा. अलीकडे आमचं गाव, पलीकडे बागायतदार भाऊसाहेबांचं वावर, त्या वावरातून गाडीवाट, आणि गाडीवाट संपली की पूर्णा शहर, स्टेशन, बाजार, हायस्कूल, सगळं जग. लोक मला विचारतात, तुमच्या काळी मुलींनी शिकणं किती अवघड होतं ना? मी म्हणते, शिकणं सोपं होतं. शाळेपर्यंत पोचणं अवघड होतं, आणि तेही पाण्यामुळे नाही.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, रेल्वेच्या गँगमध्ये होते. रूळ तपासायचे, खडी भरायची, गज घेऊन स्लीपर हलवायचे. त्यांचा खाकी सदरा घरात नुसता टांगलेला असला तरी घराला लोखंडाचा वास यायचा. पहाटे यार्डात मालगाडीच्या वाघिणी एकमेकींवर आदळल्या की तो आवाज नदी ओलांडून आमच्या वस्तीत यायचा आणि माय उठायची. मग चूल, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग आबांचा खाकरा. माय अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या टाकायची आणि वरून लसणाची फोडणी ओतायची. त्या चर्रर्र आवाजाला मी अंथरुणातून बाहेर यायचे. आज माझ्याकडे गॅस आहे, मिक्सर आहे, दारात मंडईची गाडी येते. पण ती भाजी मला जमत नाही. प्रज्ञा म्हणते, ‘छान झालीय की आत्या.’ तिला काय कळतंय.

आबा आमच्या वस्तीतले मोठे माणूस. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा आबा पोरसवदा होते, पण त्या दिवसापासून आपण माणूस झालो असं ते सांगायचे. दर रविवारी विहारात वंदना तेच सांगायचे. वंदना झाली की बोलायला उभे राहायचे. छाती पुढे काढून, हात वर करून, ‘आता कुणापुढं वाकायचं न्हाई! मान ताठ ठेवायची! देव गेला, धनी गेला, आता आपुन आपलं!’ असं ते गरजायचे तेव्हा बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि माझ्या अंगावर काटा यायचा. माझे आबा. मला वाटायचं, साऱ्या जिल्ह्यात असा माणूस नाही.

त्यांची सायकल काळी होती, निवृत्त होणाऱ्या एका गार्डाकडून घेतलेली. तिला पितळी घंटी होती. आबा तिला रविवारी विहारातून आल्यावर पुसायचे, साखळीला तेल द्यायचे, आणि चाक उचलून नुसतंच फिरवून बघायचे. सातवीनंतर मला पूर्ण्याच्या हायस्कुलात घालायचं ठरलं तेव्हा आबा म्हणाले, ‘शशे, तुला सायकल शिकवतो.’ माय म्हणाली, ‘पोरीची जात, अन् सायकल?’ आबा म्हणाले, ‘मग काय पाठीवर घिऊन जाऊ?’ आणि नदीकाठच्या पांढरीवर माझं शिक्षण सुरू झालं. सगळी पोरं आधी चढायला शिकतात, तोल सांभाळायला शिकतात. मला आबांनी आधी उतरायला शिकवलं. उजवा पाय मागून उचलायचा, डाव्या पायडलवर उभं राहायचं, चाक फिरतं असतानाच खाली पाय टेकायचा आणि दोन पावलं धावून सायकल हातात धरून चालू लागायचं. घसरायचं नाही, अडखळायचं नाही. सगळं एका झटक्यात. आबा मागून ओरडायचे, ‘उतर! आता उतर! लवकर!’ माझे गुडघे फुटले, पण उतरणं असं जमलं की पुढे कुणालाच तसं जमलं नाही. मग आबांनी शेवटचं सांगितलं, ‘ध्यानात ठिव. पूल आला की उतरायचं. नदीच्या डोक्यावरून बसून जाऊ न्हाई. सायकलीचा कायदाच हाय तसा.’

मी तो कायदा डोक्यात पक्का बसवला. का बसवणार नाही? आबा रेल्वेत होते. रेल्वेत प्रत्येक गोष्टीचा कायदा असतो. कुठे शिट्टी द्यायची, कुठे हळू व्हायचं, कुठे थांबायचं. तसा सायकलीलाही असणार. सकाळी आम्ही दोघं निघायचो. गाव सोडेपर्यंत मी पुढे दांडीवर, शाळेची पिशवी मांडीवर. फरशी आली की आबा उतरायचे, मीही उतरायचे. फरशी चालत ओलांडायची. पलीकडे टोकाशी लिंबाच्या झाडाखाली एक दगडी ओटा होता. त्यावर भाऊसाहेब बसलेले असायचे, पांढरं धोतर, पुढ्यात सुपारीचा डबा, शेजारी ट्रान्झिस्टर. मागे त्यांचं इंजिनघर भकभक करत असायचं. आबा मान जराशी खाली घालून म्हणायचे, ‘रामराम मालक.’ भाऊसाहेब म्हणायचे, ‘निघाले का बापलेक?’ फार गोड आवाज होता त्यांचा. वावर ओलांडलं की आबा पुन्हा सायकलवर बसायचे. नंतर मी उंच झाले, माझी मी सायकल चालवू लागले आणि आबा गँगबरोबर चालत जाऊ लागले. पण कायदा मी कधी मोडला नाही. मी एवढी आज्ञाधारक की पूर्ण्यात गटारावरची मोरी आली तरी उतरायचे. हात दीड हात रुंदीची मोरी! मी टुणकन खाली उतरायचे, ती ओलांडायचे आणि परत बसायचे.

माझी वर्गमैत्रीण मुमताज हिने ते पाहिलं. तिचे वडील इंजिन चालवायचे. रेल्वेच्या चाळीत त्यांचं घर होतं. तिच्या डब्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा असायचा आणि माझ्या डब्यातल्या जवसाच्या चटणीसाठी ती मला तो खट्टा अख्खा देऊन टाकायची. ती भावाची सायकल चालवायची, वेडीवाकडी, हँडल सोडून. त्या दिवशी मी मोरीपाशी उतरले आणि ती मागून येऊन धडकता धडकता राहिली.

‘उतरी कायकू गे?’ ती म्हणाली.

‘पूल हाय ना.’

‘कां है पूल?’ तिने खाली बघितलं, मोरीतलं काळं पाणी बघितलं, आणि हसत हसत रस्त्यावर बसलीच. ‘नाले कू सलाम करती क्या तू?’

मी तिला कायदा सांगितला. ती म्हणाली, असा काही कायदा नाही, माझे अब्बा सायकलवर पुलावरून रोज जातात, त्यांना कोणी पकडलं नाही. मी म्हणाले, तुझ्या अब्बांना ठाऊक नसेल. आमची जवळजवळ भांडणं झाली. शेवटी तिने पैज लावल्यासारखं सांगितलं, सुट्टीच्या दिवशी तुझ्या घरी येते, तुझ्या मायच्या हातचे धपाटे खाते, आणि तुझ्या त्या पुलावरून बसून जाऊन दाखवते. बघू नदी काय करते ते.

ती आली. मी तिला आणायला पलीकडे वावराच्या कडेला थांबले होते. गाडीवाटेने आम्ही दोघी आलो. लिंबाखाली भाऊसाहेब बसलेले. मी सवयीने वावरातच उतरले, सायकल हातात घेतली, मान खाली घातली. मुमताज तशीच बसून गेली, ओट्याच्या अगदी समोरून, घंटी वाजवत. भाऊसाहेबांनी वर बघितलं.

‘कुणाची गं तू?’

‘डायवर साब की बेटी!’ ती चालत्या सायकलवरून ओरडली.

‘बरं बरं. सांभाळून जा माय, उतार हाय,’ भाऊसाहेब म्हणाले. तोच गोड आवाज.

मुमताज फरशीवरून भरधाव गेली. तिचा दुपट्टा वाऱ्यावर उडत होता. नदीला काहीच झालं नाही. मी तिच्या मागून सायकल हातात धरून चालत होते. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी उतरलेलीच होते, पाहायचं काय कारण?

तो दुपट्टा, तो उतार आणि माझ्या हातातली सायकल, हे मला आजही डोळे मिटले की दिसतं, आणि आजही माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात. दुसऱ्या दिवशी मी धुणं घेऊन नदीवर गेले आणि धुणं धूत नुसती बघत बसले. पाटलांची पोरं सायकलवर बसून गेली. मारवाड्याचा मुनीम बसून गेला. दूधवाला, दोन्ही बाजूंना घागरी लटकवून, बसून गेला. आमच्या वस्तीतला मास्तर आला, हायस्कुलात शिकवणारा, इस्त्रीच्या कपड्यातला. तो उतरला. मांगवाड्यातला बँडवाला आला. तो उतरला. मग ड्यूटीवरून आबा आले, त्या दिवशी सायकल त्यांच्याकडे होती. रविवारी हात वर करून गरजणारे माझे आबा. लिंब यायच्या पुष्कळ आधी, वावरातच, त्यांनी उजवा पाय मागून उचलला आणि ते खाली उतरले. काय सुरेख उतरले! मलाही त्यांनी तसंच शिकवलं होतं.

रात्रीच्या जेवणाला माय वरणफळं करत होती. आबांपुढे ताट आलं. मी म्हणाले, ‘आबा, मुमताज उतरली न्हाई.’

आबांचा हात थांबला. ‘मुमताजचं येगळं हाय.’

‘काय येगळं हाय?’

‘जेव आधी.’

‘तुमी म्हणला, सायकलीचा कायदा हाय.’

‘हाय की,’ आबा म्हणाले. ‘आपल्या सायकलीचा हाय.’

मला तेव्हा जो राग आला तो भाऊसाहेबांचा नव्हता. भाऊसाहेब काय, ते तसेच होते. मला आबांचा राग आला. मी ताट सारलं. म्हणाले, ‘रविवारी काय बोलायलाव तुमी तिथं? मान ताठ ठिवा म्हणून? लोकं रडायलेत तुमचं ऐकून!’ माय चुलीकडे तोंड करून बसली होती, ती तशीच म्हणाली, ‘सांगा की पोरीला खरं. किती दिवस झाकून ठिवायलाव?’ आणि आबा सांगेनात म्हणून तिनंच सांगितलं. मला हायस्कुलात घालायच्या आधी आबा भाऊसाहेबांकडे गेले होते. वाट त्यांच्या वावरातून जाते, पोरीला रोज जाऊ द्यावं म्हणून. भाऊसाहेब म्हणाले होते, ‘जाऊ दे की. शिकू दे पोरीला, आमी कुठं न्हाई म्हणायलोय? तेवढं रीतीनं जाऊ दे.’ एवढंच. धमकी नाही, शिवी नाही. रीतीनं.

‘लय चांगला माणूस हाय तो,’ माय म्हणाली. ‘दुसरा असता तर वाट दिलीच नसती.’

हे वाक्य मी आयुष्यात फार ऐकलं आहे. दुसरा असता तर. जे आपलंच आहे ते आपल्याला दिलं म्हणून ज्याचे पाय धरायचे तो चांगला माणूस. गाडीवाट सगळ्या गावाची होती, भाऊसाहेबांच्या आजोबांच्या आधीपासून लोक तिच्यावरून जात होते. हे मी तेव्हा आबांना सांगितलं. आबा म्हणाले, ‘तुला साळंला जायचं का न्हाई, तेवढं सांग.’

सकाळी मी गेले. फरशीवर बसून गेले. चाक डुगडुगत होतं, कठडे नसल्यामुळे एकदा तर नदीतच जाणार होते. पण लिंबाखालून बसून गेले आणि घंटीही वाजवली. भाऊसाहेबांनी ट्रान्झिस्टरचा आवाज कमी केला. माझ्याकडे बघून हसले. मी दिवसभर शाळेत हवेत होते. मुमताजने मला अख्खा डबा दिला. संध्याकाळी आले तर वावराच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या आणि गाडीवाट नांगरून टाकली होती. ढेकळं उलटी पडलेली. काळी माती, तिच्यात सायकल काय, माणूस रुतावा. ड्यूटीवरून आलेले आबा त्याच पावली ओट्यावर गेले. परत आले तेव्हा म्हणाले, मालकाला ज्वारी पेरायचीय. पोरींची सायकल गेली की पीक तुडवलं जातं. बाकी गावाला बांधावरून वाट दिली होती, आमच्या घराला नाही.

माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. दुसरी वाट खालच्या गावाच्या रेल्वे फाटकावरून जायची. पायी जायचं, चिखल तुडवत, अर्धा दिवस त्यातच जायचा. मी गेले. पोचायचे तेव्हा गणिताचा तास झालेला असायचा. काही दिवस गेले, काही दिवस गेले नाही, मग ताप आला, मग जाणं सुटलंच. माय म्हणायची, ‘एक डाव जा त्याच्या म्होरून चालत. तुझं काय झिजतंय का?’ मी म्हणायचे, ‘झिजतंय.’ आणि रविवारी आबा विहारात बोलायला उभे राहिले नाहीत. तब्येत बरी नाही म्हणाले.

मग एका पहाटे त्यांनी मला उठवलं. म्हणाले, ‘चल साळंला. सायकल मी नेतो. तू नुस्ती चाल. तुला उतरायचं न्हाई, चढायचं बी न्हाई. मंग तर झालं?’ ते रात्री पुन्हा ओट्यावर जाऊन आले होते. काय बोलले, कसे बोलले, मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. काट्या निघाल्या होत्या. माझ्यापुढे आबा काळी सायकल हातात धरून फरशीवरून चालले होते, आणि मी मोकळ्या हातांनी त्यांच्या मागून. लिंबाखाली आबा थांबले. भाऊसाहेब सुपारी कातरत म्हणाले, ‘बाप असावा तर असा. पोरीसाठी सायकल वाहायलाय बघा.’ शेजारी बसलेले दोघं हसले. आबाही हसले. आबांचं ते हसू मी पाहिलं. मला तेव्हा वाटलं, आता तोंड फिरवावं आणि नदीत उडी घ्यावी. पण परीक्षा जवळ आली होती. वावर ओलांडून आबांनी सायकल माझ्या हातात दिली आणि ते रुळाच्या कडेनं गँगकडे पळत गेले, कारण उशीर झाला की मुकादम खाडा लावायचा. परीक्षा संपेपर्यंत रोज सकाळी हेच. संध्याकाळी मी वावराच्या कडेला त्यांची वाट बघत उभी राहायचे.

मी पास झाले. डी.एड. झाले. शिक्षिका झाले, झरीला पहिली नेमणूक मिळाली. आबा गेले तेव्हा विहारात शोकसभा झाली आणि एकामागून एक माणूस उठून हीच गोष्ट सांगत होता. लेकीसाठी बापानं काय केलं. सायकल डोक्यावर घेऊन नदी ओलांडली असंही एकाने सांगितलं. केवढा त्याग, केवढी माया. माणसं डोळे पुसत होती. मी मध्येच उठून बाहेर आले. लोकांना वाटलं, मला भरून आलं. भरून आलं नव्हतं, मला किंचाळायचं होतं. त्याग कसला? त्या माणसाला रोज पहाटे दुसऱ्याच्या ओट्यापुढे हसावं लागत होतं. त्याची गोष्ट करून टाळ्या कशाला वाजवता? मला आबांची माया कळत नव्हती असं नाही. पण त्या मायेला हार घातला की भाऊसाहेब आपोआप सुटतो, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

आणि आणखी एक. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, प्रज्ञालाही नाही. आबा असतानाच भाऊसाहेब वारले. त्यांची पोरं संभाजीनगरला गेली, वावर विकलं, इंजिनघराचे पत्रे कुणीतरी नेले. मी झरीहून सुट्टीला आले होते, आबा निवृत्त झाले होते आणि मला आणायला स्टेशनवर आले होते. त्यांच्याकडे तीच काळी सायकल, माझी पेटी मागच्या कॅरिअरला बांधलेली. मीही माझी लेडीज सायकल गाडीतून आणली होती. दोघं गप्पा मारत बसून चाललो होतो. कुणाची सोयरीक, कुणाला बाळ, मुमताजचं लग्न हैदराबादेत झालं. लिंब आला. ओट्यावर वाळलेला पाला पडला होता आणि एक कुत्रं झोपलं होतं. आबांनी उजवा पाय मागून उचलला आणि ते उतरले.

मी ब्रेक दाबून वळले. ‘आबा! कोण हाय तिथं?’

‘कोण न्हाई.’

‘मग कुणाला उतरलाव?’

आबांनी ओट्याकडे बघितलं. जरा वेळ कुत्र्याकडे बघत राहिले. मग खजील होऊन हसले, त्या पहाटेसारखं नाही, वेगळंच, एखाद्या पोरानं चड्डी ओली केल्यावर हसावं तसं. म्हणाले, ‘पाय ऐकंना गं, शशे.’ आणि पुढे फरशीभर सायकल हातात धरूनच चालत गेले. मी त्यांना बसा म्हणाले, मी ओरडले, मी रडले. ते बसले नाहीत. त्यानंतर जेवढी वर्षं ते होते तेवढी वर्षं ते त्या जागी उतरत राहिले.

तर हा पूल. प्रज्ञाने तोंडाशी भाड्याच्या दोन सायकली घेतल्या, हलक्या, गिअरच्या, लाल रंगाच्या. म्हणाली, ‘जमेल ना आत्या?’ मी म्हणाले, ‘तुझ्या जन्माआधी चालवतेय.’ गावाकडच्या टोकाने आम्ही पुलावर चढलो. पूल मधे उंच आहे आणि पलीकडे उतरत जातो. मधोमध आलो तेव्हा खाली फरशीचे दगड दिसले, पाण्यात काळे. वारा सुटला होता. प्रज्ञा पुढे गेली. मला बरं वाटायला लागलं होतं, खरंच. मी म्हटलं, चला, शेवटी बसून तर चाललोय. आणि उतार लागला. पलीकडे लिंब नाही आता, तोडला. पण ओटा आहे. त्याला रंगीत फरश्या लावल्यात आणि बसायची गोल जागा केलीय. त्यावर कॉलेजातली पोरंपोरी कणसं खात बसली होती.

माझा उजवा पाय मागून उचलला गेला. मी उचलला नाही. डाव्या पायडलवर मी उभी राहिले, चाक फिरतं असतानाच खाली टेकले, दोन पावलं धावले आणि सायकल हातात धरून उभी राहिले. न घसरता, न अडखळता, सगळं एका झटक्यात.

प्रज्ञा मागे वळली. ‘दमलीस का आत्या?’ ओट्यावरच्या एका मुलीने चटकन उठून जागा दिली. ‘आजी, या, बसा इथं.’ चांगली मुलगी होती. तिला काय ठाऊक. तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, ‘पाणी देऊ का?’ मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी मला उतरवलं नव्हतं. त्या ओट्यावर मला उतरवणारं कुणीच नव्हतं. आबांवर मी आयुष्यभर चिडले, आणि माझाही पाय ऐकला नाही. एवढा राग मला भाऊसाहेबांचाही कधी आला नव्हता. माझ्या अंगात, माझ्या मांडीत, पोटरीत ते अजून बसलेले होते, सुपारी कातरत, आणि मी त्यांना एवढी वर्षं पगार मिळवून, चष्मा लावून, निवृत्तीवेतन खाऊन पोसलं होतं.

‘दमले नाही,’ मी म्हणाले, आणि बहुतेक फार मोठ्याने म्हणाले, कारण कणसं खाणारे गप्प झाले.

मी सायकल फिरवली आणि चढ चढत परत गावाकडच्या टोकाला गेले. प्रज्ञा मागून हाका मारत होती, ‘आत्या, अगं कुठे? घरी जायचंय का?’ टोकाला पोचून मी दम घेतला, पदर खोचला, चष्मा काढून पिशवीत टाकला. मग बसले. चढावर दात ओठ खाल्ले. मधोमध आले. फरशी खाली गेली. उतार लागला तसा उजवा पाय वळवळू लागला, मला स्पष्ट जाणवलं. मी तो पायडलवर दाबून धरला आणि दोन्ही ब्रेकवरची बोटं उचलून हवेत ताठ केली. सायकल सुटली. घंटी माझ्या अंगठ्याखाली होती, ती मी वाजवतच राहिले. लोक बाजूला पळाले. पुलाचा रखवालदार शिट्ट्या मारत धावला. ओट्यावरची पोरं उठून उभी राहिली. रंगीत ओटा माझ्या अंगावर यायला लागला, आणि मागून प्रज्ञा जिवाच्या आकांताने ओरडत होती, ‘आत्या, ब्रेक! अगं ब्रेक दाब!’

मी ब्रेक दाबला नाही.